तारकानकाशांची मार्गदर्शिका: वेबपानापासून पीडीएफपर्यंत, कमांड लाइनवरून

आकाश निरीक्षणाची एक मराठी मार्गदर्शिका वेबवर होती. चाळीसेक प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाचं एक लांबलचक वेबपान आणि जागोजागी तारकानकाशे. चालवणाऱ्या मंडळींनी संकेतस्थळ महिनाअखेरीस बंद करायचं ठरवलं आणि त्यांच्याच परवानगीने सगळा मजकूर पीडीएफमध्ये उतरवून ठेवायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं. अपेक्षा मोजक्या होत्या. पानाचा आकार ए-फोर असावा, मजकुरात शोध घेता यावा आणि नकाशे कागदावरही वाचता यावेत. काम करायचं होतं ते दूरच्या एका लिनक्स सर्व्हरवर. त्याला पडदा नाही, माउस नाही, फक्त टर्मिनल.

ब्राउझर उघडून कंट्रोल-पी दाबत बसलं तरी चाळीस पानं होतील. पण मूळ मजकुरात शेवटपर्यंत दुरुस्त्या चालू राहणार होत्या, म्हणजे सगळं पुन्हा छापायची वेळ येणार हे ठरलेलंच. हाताने केलेल्या कामात कुठे मार्जिन बदलतं, कुठे एखादा पर्याय निवडायचा राहतो. स्क्रिप्ट लिहून ठेवली की तेच काम तसंच्या तसं पुन्हा होतं, आणि दुसऱ्या कुणालाही करता येतं.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं. पीडीएफ बनवणारी आज्ञा एका ओळीची असते, तिच्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते पान छापण्याजोगं कधी झालं हे ओळखणं, आणि यायला हवं होतं ते सगळं पीडीएफमध्ये आलं का याची खात्री करणं. बहुतेक सूचना त्या एका ओळीपाशी थांबतात. म्हणून इथे पुढचं सविस्तर मांडतो आहे.

साधनाची निवड

या विषयावरच्या जुन्या लेखांत हमखास भेटणारं नाव म्हणजे डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ. अनेक वर्षं हाच या कामाचा राजमार्ग होता. पत्ता द्या, फाइलचं नाव द्या. मार्जिन, पानांक, अनुक्रमणिका सगळं त्यातच. पण त्याच्या पोटातलं वेबकिट इंजिन क्यूटी ४ सोबतचं आहे आणि त्याची वाढ २०१२ च्या सुमारास थांबलेली आहे. शेवटची स्थिर मालिका, ०.१२.६, २०२० सालची. २०२३ च्या सुरुवातीला प्रकल्पाचं कोड-भांडार केवळ वाचनापुरतं उरलं. आमच्या मार्गदर्शिकेची मांडणी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मधल्या ग्रिडवर, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांच्या जाळीवर, उभी होती. या इंजिनाला ग्रिड कळत नाही, त्यामुळे बाजूची यादी, मजकूर आणि नकाशे एकाखाली एक कोसळले. नव्या पद्धतीची जावास्क्रिप्ट त्याला वाचता येत नसल्याने नकाशे तर उमटलेच नाहीत. शिवाय अनोळखी एचटीएमएलवर हा प्रोग्रॅम चालवू नका, असं त्याच्या निर्मात्यांनीच बजावलेलं आहे. एखाद्या जुन्या व्यवस्थेत तो स्वतःचे ठरलेले साचे छापत असेल तर छापू द्यावा. नव्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरा उमेदवार वीझीप्रिंट. पायथनमध्ये लिहिलेला, ब्राउझर नसलेला, पण छापील पानाचं शास्त्र उत्तम जाणणारा. समासातले पानांक, ‘पृष्ठ अमुक पाहा’ अशा संदर्भांत आपोआप भरला जाणारा आकडा, तळटीपा, हे सगळं त्याच्याकडून निव्वळ सीएसएसने करून घेता येतं. अहवाल, पुस्तिका, पावत्या यांसाठी मी आजही आधी त्याच्याकडेच वळतो. मात्र तो जावास्क्रिप्ट चालवत नाही. आमचे नकाशे ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने रेखाटले जात असल्यामुळे वीझीप्रिंटने त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिले. याला एक वळसा आहे. क्रोमला --डम्प-डॉम सांगून जावास्क्रिप्ट चालल्यानंतरचं एचटीएमएल मिळवायचं आणि ते वीझीप्रिंटला द्यायचं. एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांच्या वर्णनातून काढलेले, नकाशे त्यात येतात. कॅनव्हासवर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली चित्रं येत नाहीत, कारण ते ठिपके डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने मनात धरलेल्या पानाच्या रचनेत, नसतात. आमच्याकडे दोन्ही प्रकार होते.

म्हणजे खरा ब्राउझरच हवा. २०१७ मध्ये, ५९ व्या आवृत्तीपासून, क्रोम पडद्याविना चालू लागला. क्रोमिअम (क्रोमचाच मुक्तस्रोत पाया) --हेडलेस --प्रिंट-टू-पीडीएफ=प्रकरण.पीडीएफ आणि शेवटी पानाचा पत्ता, एवढीच आज्ञा. माथ्यावरची तारीख आणि पायथ्याचा पत्ता नको असेल तर --नो-पीडीएफ-हेडर-फूटर जोडायचं. जुन्या लेखांत याच कामासाठी --प्रिंट-टू-पीडीएफ-नो-हेडर दिसेल, ते आता मागे पडलं आहे. हेडलेस क्रोमही मधल्या काळात बदलला. ११२ व्या आवृत्तीपासून त्याचा नवा अवतार मिळू लागला, तो नेहमीच्या क्रोमसारखाच वागतो. जुना अवतार १३२ व्या आवृत्तीपासून क्रोम-हेडलेस-शेल या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये गेला.

सर्व्हरवर क्रोम पहिल्यांदा चालवताना काही नेहमीचे अडथळे येतात. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता म्हणून तो चालायला नकार देतो, आणि जिकडेतिकडे त्यावर --नो-सँडबॉक्स हा उतारा सांगितलेला असतो. तो घेऊ नये. सँडबॉक्स परक्या पानातल्या कोडपासून यंत्राचं रक्षण करतो. तो काढून टाकण्यापेक्षा साधा वापरकर्ता तयार करणं कितीतरी सोपं. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायच्या साधनात) /डेव्ह/एसएचएम या सामायिक स्मृतीला मुळात ६४ एमबीच जागा मिळते आणि मोठ्या पानावर क्रोम तिथे कोसळतो. त्यासाठी --डिसेबल-डेव्ह-एसएचएम-यूसेज आहे. क्रोमिअम स्नॅपमधून (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजांतून) बसवलेला असेल तर आणखी एक चकवा. /टेम्पमध्ये फाइल लिहिल्याचं तो सांगतो, पण तिथे ती सापडत नाही, कारण स्नॅपचं /टेम्प वेगळं असतं. आपल्या होम फोल्डरमध्ये लिहायला सांगितलं की फाइल सापडते.

एका ओळीच्या आज्ञेने काय दिलं

पहिल्या प्रकरणाची पीडीएफ एका पानाची निघाली. ब्राउझरमध्ये तेच प्रकरण कितीतरी वेळ खाली सरकवत वाचावं लागतं. आज्ञेने कुठलीही तक्रार नोंदवली नव्हती आणि बाहेर पडतानाचा संकेत शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’.

कारण मांडणीत होतं. सगळा मजकूर एका आतल्या चौकटीत ठेवलेला, चौकटीची उंची १०० व्हीएच (म्हणजे पडद्याच्या उंचीइतकी) आणि ओव्हरफ्लो ऑटो (न मावणारा मजकूर आतच सरकवायचा). पडद्यावर जी सरकपट्टी दिसते ती या चौकटीची, पानाची नव्हे. छपाईच्या हिशेबाने पानाची उंची एका पडद्याएवढीच भरते आणि तेवढंच कागदावर येतं. लांब पानाची एकपानी पीडीएफ हाती आली तर सर्वांत आधी हीच शंका घ्यावी.

ती चौकट मोकळी केल्यावर बाकीचे दोष एकेक करून दिसू लागले. माथ्याची पट्टी पोझिशन फिक्स्ड होती. पडद्यावर ती एका जागी खिळून राहते, कागदावर ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा छापली जाते आणि खालच्या ओळी झाकते. कुकीची परवानगी मागणारी तळाची पट्टीही तशीच पानोपानी. ‘अधिक माहिती’वर टिचकी मारल्यावर उलगडणारे परिच्छेद मिटलेलेच छापले गेले, आणि निरीक्षणाच्या सगळ्या बारीक सूचना नेमक्या त्यांतच होत्या. पहिली दोन छायाचित्रं आली, पुढच्या जागांवर करडे चौकोन.

यात संकेतस्थळ करणाऱ्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांनी पडद्यासाठी पान बनवलं आणि ते पडद्यावर उत्तम चालत होतं. छपाईसाठी वेगळी सीएसएस लिहायची सोय आहे, पण ती लिहिलेली संकेतस्थळं थोडीच. ती कमतरता पीडीएफ करणाऱ्यालाच भरून काढावी लागते.

पान तयार झालं कधी?

करड्या चौकोनांचा प्रश्न वेळेचा आहे असं आधी वाटतं, आणि वेळ द्यायला क्रोमकडे एक पर्याय आहेही: --व्हर्च्युअल-टाइम-बजेट. त्याला १०००० दिलं की पानाला दहा सेकंद मिळतात. हे सेकंद भिंतीवरच्या घड्याळाचे नाहीत. पानातले टायमर ज्या घड्याळावर चालतात ते घड्याळ क्रोम पुढे पळवतो आणि नेटवर्कवरून काही येत असेल तोवर थांबवून धरतो. ‘तीन सेकंदांनी नकाशा काढ’ अशी वाट पाहणाऱ्या पानांवर हा पर्याय छान लागू पडतो. आमची छायाचित्रं मात्र वाचक खाली सरकल्यावर उतरवली जात होती. खरा पत्ता डेटा-एसआरसी या गुणधर्मात दडवलेला, आणि चित्र नजरेच्या टप्प्यात आलं की जावास्क्रिप्ट तो एसआरसीमध्ये टाकणार. हेडलेस ब्राउझरमध्ये खाली सरकणारं कुणी नसतं. कितीही वेळ दिला तरी चित्र येणार नाही.

खिडकीच प्रचंड उंच करायची, म्हणजे --विंडो-साइझ=१२८०,२०००० द्यायचं, ही युक्ती काही पानांवर चालते. सगळी चित्रं एकदमच ‘दिसत’ असल्यामुळे उतरतात. पण ज्या घटकांची उंची व्हीएचमध्ये दिलेली असते तेही तितकेच उंच होतात. आमच्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीचं शीर्षकचित्र १०० व्हीएचचं होतं. पुढचं सांगायची गरज नाही.

इथे निव्वळ कमांड लाइनच्या पर्यायांची हद्द संपते. आम्ही पपेटीअर घेतलं. नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारा हा तयार कोडसंच क्रोमशी थेट बोलतो. प्लेराइटनेही हेच काम होतं, फक्त पीडीएफ करायची तर तिथे क्रोमिअमच वापरावा लागतो. छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती टर्मिनलवरून चालते, पत्ता आणि फाइलचं नाव घेते. म्हणजे काम कमांड लाइनवरच राहिलं, एका ओळीऐवजी पन्नास-साठ ओळींचं झालं इतकंच.

स्क्रिप्ट आधी पान उघडते आणि सर्व्हरचं उत्तर २०० आहे का ते पाहते. नसेल तर तिथेच थांबते. ही पायरी वगळू नये, कारण क्रोमच्या दृष्टीने ‘पान सापडलं नाही’ हेही एक पान आहे आणि तो त्याचीही सुबक पीडीएफ करून देतो. पुढे ती आपली सीएसएस पानात घालते: आतल्या चौकटीची उंची आपोआप, ओव्हरफ्लो दृश्य, माथ्याची पट्टी न खिळता मजकुराच्या ओघात, कुकीची पट्टी आणि बाजूची यादी गायब, आकृत्यांना ‘मध्ये तोडू नका’. सगळे डिटेल्स घटक, म्हणजे ‘अधिक माहिती’चे मिटलेले परिच्छेद, उघडते. प्रत्येक चित्राचा डेटा-एसआरसीतला पत्ता एसआरसीत हलवते आणि चित्र पूर्ण उलगडेपर्यंत थांबते. फॉन्ट उतरल्याची वाट पाहते. मग छापते.

वाट कशाची पाहायची यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक स्क्रिप्ट इथेच फसतात. पपेटीअरमध्ये नेटवर्कआयडल० नावाची अट आहे: पाचशे मिलिसेकंद एकही नेटवर्क जोडणी चालू नसेल तर पान पूर्ण झालं असं समजायचं. ऐकायला योग्य वाटतं. पण पान अर्ध्या सेकंदाच्या आतच सर्व्हरला पुन्हा पुन्हा काही विचारत असेल तर ती शांतता कधी येतच नाही. उलट बाजूने, सगळा डेटा येऊन पोहोचलेला असतो, नेटवर्क शांत असतं, आणि नकाशा काढायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. आमच्या उत्तर गोलार्धाच्या नकाशात असंच झालं. राशींच्या रेषा आल्या, तारे यायचे होते. ठरावीक सेकंद झोपणं हा त्याहून वाईट उपाय. सर्व्हर रमतगमत उत्तर देत असेल त्या दिवशी ते सेकंद कमी पडतात आणि उरलेल्या दिवशी वाया जातात.

खात्रीचा मार्ग एकच. पान पूर्ण झाल्याची खूण पानातच शोधायची आणि तिची वाट पाहायची. आमच्या नकाशांच्या एसव्हीजीत ताऱ्यांचा एक गट असे आणि किती तारे काढायचे तो आकडा शेजारच्या गुणधर्मात असे. गटातल्या वर्तुळांची संख्या त्या आकड्याइतकी होईपर्यंत वेटफॉरफंक्शनने थांबायचं. दुसऱ्या संकेतस्थळावर खूण वेगळी असेल. ती शोधायला पानाचा कोड वाचावा लागतो, आणि ते वाचन टाळता येईल असं मला वाटत नाही.

स्क्रिप्टवर आल्यावर एक नवाच प्रकार घडला. नकाशे कोरे. एका ओळीच्या आज्ञेने दिलेल्या पीडीएफमध्ये ते दिसत होते आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नाहीसे झाले. कारण असं की क्रोमची आज्ञा पार्श्वभूमीचे रंग छापते, पपेटीअर मात्र सांगितल्याशिवाय छापत नाही. रात्रीचं काळं आकाश हा सीएसएसचा पार्श्वरंग होता आणि तारे पांढरी वर्तुळं होती. पार्श्वरंग गेला, पांढऱ्या कागदावर पांढरे तारे उरले. प्रिंटबॅकग्राउंड खरं केल्यावर आकाश परत आलं.

पण घरच्या प्रिंटरवर काळी पानं छापणं शाईची नासाडी आहे, आणि अंधारात लाल विजेरीखाली नकाशा पाहायचा तर पांढऱ्यावर काळे तारेच बरे पडतात. म्हणून छपाईपुरते रंग उलटवले: पार्श्वभूमी पांढरी, तारे काळे, रेषा करड्या. एसव्हीजी असल्यामुळे हे सीएसएसच्या चार ओळींत झालं. नकाशे पीडीएफमध्येही रेषारूपातच राहिले आणि कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत.

चंद्रकलांच्या प्रकरणात कॅनव्हासवरचं एक चित्र होतं. खालची पट्टी सरकवली की कला बदलायची. असली हलती गोष्ट पीडीएफमध्ये राहत नाही, छापतेवेळी असलेली एकच स्थिती उमटते. स्क्रिप्टने पट्टी चार जागी नेऊन चार चित्रं घेतली: अमावास्या, शुद्ध अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी. ती शेजारी शेजारी ठेवली. कॅनव्हास ठिपक्यांचा असतो, म्हणून त्या प्रकरणापुरता डिव्हाइस-स्केल-फॅक्टर २ ठेवला. नाहीतर कडा दातेरी येतात.

देवनागरीचं प्रकरण

पहिल्या काही प्रकरणांत मजकूर व्यवस्थित होता, पण नकाशांवरच्या ताऱ्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. मजकुरासाठी संकेतस्थळ स्वतःचा वेबफॉन्ट पाठवत होतं, नकाशातली नावं मात्र ‘यंत्रावर असेल तो फॉन्ट’ वापरत होती. सर्व्हरवर देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता. अशा वेळी एफसी-लिस्ट :लँग=एमआर ही आज्ञा चालवून पाहावी. मराठी लिहू शकणारे सगळे फॉन्ट ती दाखवते. आमच्याकडे तिने काहीच दाखवलं नाही. नोटोचे देवनागरी फॉन्ट बसवले, नावं उमटली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ‘ल’ हिंदी वळणाचा येतो आहे, उभ्या दंडाचा. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा ‘ईएन’ नोंदवलेली होती, बहुधा मूळ साच्यातून तशीच राहिलेली. फॉन्टमध्ये मराठी ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण मजकूर मराठी आहे हे कळलं तरच ते वापरले जातात. स्क्रिप्टमध्ये लँग=‘एमआर’ अशी एक ओळ घातली आणि दोन्ही अक्षरं आपल्या वळणावर आली. छापील मराठी वाचत वाढलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो.

खरी कसोटी शोधाची. पीडीएफ अक्षरं साठवत नाही, अक्षरांच्या आकृत्या साठवते. ‘किरण’ या शब्दात आपण आधी क लिहितो, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी येते आणि आकृत्याही त्याच क्रमाने मांडल्या जातात. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर याचा टूयुनिकोड नावाचा तक्ता फाइलमध्ये असतो, पण त्यातून क्रम कळत नाही. म्हणूनच कित्येक मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या आपल्या अक्षराच्या आधी सरकलेल्या दिसतात आणि शोध काही सापडवत नाही. यावर उपाय म्हणून त्या आकृत्यांच्या सोबत मूळ अक्षरक्रम लिहून ठेवायची सोय पीडीएफमध्ये आहे, तिला ॲक्च्युअलटेक्स्ट म्हणतात. क्रोम ती वापरतो आणि पॉप्लर या पीडीएफ-साधनसंचातला पीडीएफटूटेक्स्ट ती वाचतो. आमच्या फाइलींतून मजकूर जवळपास जसाच्या तसा बाहेर आला. मात्र वाचण्यासाठी वापरलेल्या प्रोग्रॅमलाही ती सोय वाचता आली पाहिजे.

तरीही ‘ताऱ्यांचा’ हा शब्द काही प्रकरणांत सापडे, काहींत नाही. आकाशाच्या पुस्तकात हा शब्द न सापडणं फारच अडचणीचं. याचं मूळ पीडीएफमध्ये नव्हतंच. प्रकरणं वेगवेगळ्या लोकांनी लिहिली होती. काहींनी अर्धा र लिहिताना ऱ आणि हलन्त वापरला होता, काहींनी र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नियमांत ऱ आणि हलन्त ही मुख्य रीत आहे, जोडकाची रीत जुन्या मजकुराच्या सोयीसाठी राखलेली आहे. लेखकांना विचारून आम्ही छापण्याआधी सगळीकडे पहिली रीत लावली. दिसण्यात तसूभर फरक पडला नाही आणि शोध चालू लागला.

छापून झाल्यावरची तपासणी

आज्ञा यशस्वी झाली म्हणजे पीडीएफ बरोबर आली असं नव्हे, हे एकपानी फाइलने पहिल्याच फटक्यात दाखवलं होतं. म्हणून छापणाऱ्या स्क्रिप्टइतकीच मेहनत तपासणाऱ्या स्क्रिप्टवर घेतली. तिची बहुतेक साधनं पॉप्लरमध्येच मिळतात.

पीडीएफइन्फो पानांची संख्या आणि आकार सांगतं. ए-फोर असेल तर ५९५ बाय ८४२ पॉइंट दिसले पाहिजेत. ६१२ बाय ७९२ दिसले तर तो अमेरिकी लेटर आकार; पपेटीअरला आकार सांगितला नाही तर तो हाच घेतो. पीडीएफफॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला आहे का आणि त्याला युनिकोडचा तक्ता आहे का, हे दोन रकाने पाहायचे. पीडीएफइमेजेस -लिस्टने मिळालेली चित्रांची संख्या वेबपानातल्या चित्रांशी ताडायची. एसव्हीजी त्यात मोजले जात नाहीत, हे ध्यानात ठेवून.

सर्वांत उपयोगी पडली ती मात्र अगदी साधी तपासणी. छापण्याआधी स्क्रिप्ट प्रकरणाचं शेवटचं वाक्य वेबपानातून उचलून ठेवते. छापून झाल्यावर तेच वाक्य पीडीएफटूटेक्स्टच्या मजकुरात शोधते. सापडलं नाही तर ती फाइल बाद. अर्धवट उतरलेलं पान, आतल्या चौकटीत कापलं गेलेलं पान, सर्व्हरने ‘फार विनंत्या येताहेत’ म्हणून पाठवलेलं पान, सगळी या एका चाळणीत अडकतात. त्या शेवटच्या प्रकारामुळेच दोन पानांमध्ये काही सेकंद थांबायचं आम्ही ठरवलं. बंद होऊ घातलेल्या संकेतस्थळावर आपण धडका मारणं बरं नव्हे.

आणि हे सगळं झाल्यावरही पीडीएफटूपीपीएमने प्रत्येक पानाची लहान प्रतिमा काढून ती माणसाने पाहिलीच. ग्रहांच्या तक्त्याचा उजवा रकाना कागदाबाहेर गेलाय, नकाशाखालची ओळ पुढच्या पानावर एकटी पडलीय, हे कुठल्याही आज्ञेने सांगितलं नसतं. तक्त्याचा टाइप छपाईपुरता लहान केला.

जोडणी

प्रकरणं वेगवेगळी छापल्यामुळे एखादं बिघडलं तर तेवढंच पुन्हा छापता येत होतं. शेवटी क्यूपीडीएफ --एम्प्टी --पेजेस देऊन सगळ्या फाइली एकात आणल्या. अशा जोडणीत बाजूच्या पट्टीत दिसणारी अनुक्रमणिका तयार होत नाही. ती प्रत्येक प्रकरणाच्या पानसंख्येवरून बेरीज करून वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये लिहिली आणि पीडीएफटीकेच्या अपडेट_इन्फो_यूटीएफ८ ने चढवली. नावातलं यूटीएफ८ सोडलं तर मराठी शीर्षकांची माती होते. पानांक ‘प्रकरण–पृष्ठ’ असे ठेवले, म्हणजे मधलं एखादं प्रकरण वाढलं तरी पुढचे आकडे हलत नाहीत. पपेटीअरच्या तळपट्टीला पानाची सीएसएस आणि वेबफॉन्ट मिळत नाहीत, टाइपही अगदी बारीक येतो. आकार आणि फॉन्ट तिथे वेगळे सांगावे लागतात.

फाइल थोडी जड झाली, कारण प्रत्येक प्रकरणाने फॉन्टचा आपापला तुकडा सोबत आणला होता. घोस्टस्क्रिप्टमधून फिरवून ती हलकी करायचा मोह होतो. पण तो फाइल पूर्णपणे नव्याने रचतो, आणि महत्प्रयासाने जमवलेला मराठी शोध पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागला असता. आम्ही जड फाइलच ठेवली.

एक गोष्ट अपुरी राहिली. प्रकरणांतून एकमेकांकडे जाणारे दुवे पीडीएफमध्ये अजून वेबच्या पत्त्यांकडेच जातात, आणि संकेतस्थळ बंद झाल्यावर ते कुठेच नेणार नाहीत. ते फाइलीतल्या पानांकडे वळवायचे तर सगळी प्रकरणं आधी एका एचटीएमएलमध्ये गुंफून मग एकदाच छापावी लागतील. ते करता यावं म्हणून मूळ पानंही डब्ल्यूगेटने --वार्क-फाइल देऊन (वार्क हा वेबपानं जतन करायचा फाइलप्रकार) चित्रं आणि स्क्रिप्टसकट उतरवून ठेवली आहेत. पीडीएफ, वार्क, दोन्ही स्क्रिप्ट आणि कोणती आवृत्ती वापरली याची नोंद, सगळं एका फोल्डरमध्ये मार्गदर्शिकेच्या लेखकांकडे पोहोचवलं आहे. दुव्यांचं काम त्यांच्यातल्याच एकांनी हाती घेतलं आहे.